वकीलबाई आणि उडीचं बटण

पहिल्याच दिवशी "काकू" म्हणालो आणि मिळालेली खोली हातची जाता जाता राहिली.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. शिफ्टचं काम. माझ्या गावाहून, धामणगाव रेल्वेहून, रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून अमरावतीत खोली शोधत फिरत होतो. ऊन असं होतं की गाडीच्या सीटवर बसण्याआधी रुमाल टाकावा लागे. कुणीतरी एका वकीलबाईंचं घर सुचवलं आणि "बाई जरा वेगळ्या आहेत हं," असंही वर सांगितलं. दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका बाईंनी. पांढरी साडी, त्यावर कोर्टातला काळा कोट तसाच, चष्मा कपाळावर चढवलेला आणि हातात व्हिडिओ गेम खेळायचा रिमोट. त्याची वायर मागे फरशीवर लोळत होती.

"काकू, वरची खोली भाड्यानं..."

"काकू म्हंजे काकाची बायको," त्या म्हणाल्या. "काका कुठी दिसून राह्यला का तुले?"

मी उगाच आत डोकावून पाहिलं. "नाही."

"मंग? वकीलबाई म्हन. ते तं मी आहोच."

तेव्हापासून त्या माझ्यासाठी वकीलबाई. दिवाणी कोर्टात त्यांचा दरारा होता. तिथे त्या अशी स्वच्छ, प्रमाण मराठी बोलत की पुण्याचा माणूसही मान हलवेल. कोर्टाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की मात्र "काऊन बे" सुरू. घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य, वडील अकोल्याचे नावाजलेले भिक्षुक, आणि ही लेक वकील. "बाप देवाच्या वतीनं बोले, मी मानसाच्या वतीनं बोलतो. धंदा तोच हाये," असं त्या सांगत. रंगात आल्या की स्वतःबद्दल "मी बोलतो, मी करतो" असं पुरुषी बोलायची त्यांना सवय होती.

त्यांचा भाडेकरार मी अजून जपून ठेवला आहे. पहिल्या पानावरचे नियम सगळ्या भाडेकरूंना सारखे. दुसरं पान फक्त माझं. ते लिहिण्याआधी त्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली होती. झोप हलकी की जड? आंघोळ सकाळी की कारखान्यातून आल्यावर? फोनवर मोठ्यानं बोलतोस का? आईशी बोलतानाच की सगळ्यांशी? झोप हलकी निघाल्यामुळे दूधवाल्याने फाटकाची कडी वाजवायची नाही असं ठरलं, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात टाकीतलं पाणी दुपारी चढवायचं हेही. शेजारच्या खोलीतल्या बँकेतल्या माणसाचं दुसरं पान वेगळं होतं. त्याला गच्चीवर गाणी म्हणायची परवानगी होती, कारण त्याचा आवाज चांगला होता. माझ्या पानावर ते कलम नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुहा आवाज आयकला मी."

सगळ्यांना एकच नियम लावणारा माणूस आळशी असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि हे मत त्या ज्या एका गोष्टीत अगदी टोकाला नेत, ती गोष्ट खालच्या बैठकीत होती.

बैठकीत एक मोठा कूलर घरघरत असे. त्याच्यासमोर खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ बसलेला असे. पन्नाशीला टेकलेला, अंगाने सडपातळ, चेहरा हसरा असावा असा पण हसत नसलेला. त्याला त्या "लहान्या" म्हणत. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला त्यांनीच वाढवलं होतं. पुढे त्या वकिलीसाठी अमरावतीला आल्या, तो अकोल्यालाच राहिला, औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करत. दोघांनीही लग्न केलं नाही. का, हे विचारायची माझी टाप नव्हती. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. वकीलबाईंनी त्याच्या अकोल्याच्या घराला कुलूप लावलं आणि त्याला इकडे आणलं. हळूहळू पाय जरा चालायला लागला. बोलण्यात सुटे सुटे शब्द यायला लागले. त्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द होता "अकोला."

"उजवा हात चालू दे," वकीलबाई म्हणत, "मंग अकोला. एकटा राहाचं म्हंजे दोन हात लागतेत."

तो मान फिरवी. दवाखान्यातून आल्यावर कित्येक दिवस तो जेवणाखेरीज कशाकडे पाहतच नव्हता म्हणे. टीव्ही नको, पेपर नको, नातेवाईक तर नकोतच. मग एकदा वकीलबाईंना आठवलं, की हा पोरगा शाळा बुडवून अकोल्यात एका व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडीक असायचा. तिथे एक खेळ होता. त्यातला एक छोटा माणूस धावत जातो, खड्डे लागतात, खड्ड्यावरून उडी मारायची. बस, एवढंच. पण या माणसाने त्या खड्ड्यांपायी अख्खी सहामाही घालवली होती. वकीलबाईंनी तो खेळ शोधायचं ठरवलं. ती जुनी यंत्रं तर केव्हाच भंगारात गेली. मग कुणीतरी त्यांना एम्युलेटर नावाची भानगड सांगितली. तोपर्यंत कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करण्यापलीकडे काही न केलेल्या या बाई त्यात ज्या शिरल्या, त्या त्यातली पदवी घेतल्यासारख्याच बाहेर आल्या.

मला त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात समजावलं.

"हे पाय, जुनी मशीन मेली. आता तिच्या वतीनं हजर कोन राहीन? हे सॉफ्टवेअर. खेळाले वाटते, मशीनच समोर उभी हाये. वकीलपत्र दाखल केलं, झालं."

"आणि हे इतके सगळे पर्याय?"

"ते खरं काम," त्या खुलून म्हणाल्या.

एम्युलेटरमध्ये रंग कसा, आवाज कसा, वेग किती, कोणतं बटण काय करेल, हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं, एका ओळीवर एक गोष्ट. एक मोठी फाइल सगळ्या खेळांना लागू. तिच्याखाली हवी तर एकेका खेळाची वेगळी फाइल. छोट्या फाइलीत जे लिहिलं असेल, ते मोठ्या फाइलीला गप्प बसवतं. वकीलबाईंना हे कुणी शिकवावंच लागलं नाही. "विशेष कायदा असन तं सर्वसाधारण कायदा मांगं सरते. हे तं पहिल्या वर्षाच्या पोट्ट्याले बी येते." प्रत्येक ओळीला त्या कलम म्हणत. एका वेळी एकच कलम बदलायचं, खेळ चालू करायचा, लहान्याच्या तोंडाकडे पाहायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा, असा दंडक होता. मी एकदा दोन गोष्टी एकदम बदलल्या तर त्यांनी माउस काढून घेतला. "आता बिघडलं तं कोनाले पकडशील? दोन आरोपी अन् साक्षीदार एकबी नाई."

इंटरनेटवर या विषयाच्या चर्चेच्या पानांवर त्या परदेशातल्या पोरांशी भांडत. इंग्रजी कोर्टाच्या अर्जातलं. सुरुवात सविनय निवेदनाने, शेवट कडक मागणीने. एकदा समोरून कुणीतरी "आजोबा, शांत व्हा" असं लिहिलं. त्यांना राग "शांत व्हा"चा आला नाही, "आजोबा"चा आला.

रंगाचा किस्सा तर सांगायलाच हवा. खेळ सुरू झाला तेव्हा पडदा अगदी झकास दिसत होता, पण लहान्या नाक मुरडत होता. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं, काय ते त्याला सांगता येत नव्हतं. वकीलबाईंनी खुर्ची ओढली आणि साक्ष काढायला बसल्या. हो असेल तर त्याने डावा अंगठा वर करायचा.

"पार्लरचा टीव्ही खराब होता का?"

अंगठा वर.

"पिवळा मारे?"

नाही.

"हिरवा?"

अंगठा अर्धा वर.

"हिरवा, पन कडेकडेनं?"

अंगठा ताडकन वर. मग त्या खेळाच्या फाइलीत, फक्त त्याच खेळाच्या, त्यांनी कडेचा रंग हिरवट केला. पडद्यावर जुन्या टीव्हीच्या बारीक काळ्या रेघा आणल्या. पार्लरचा स्पीकर फाटका होता हेही साक्षीत निघालं, म्हणून आवाजाचं कलम असं काही आवळलं की तो चरचरायला लागला. बाकी सगळे खेळ चकचकीत आणि हा एकच खेळ पस्तीस वर्षांपूर्वीच्या अकोल्यातला.

"तुम्हीही गेला असाल ना त्या पार्लरमध्ये?" मी विचारलं. "तुम्हाला काहीच आठवत नाही?"

"गेली होती ना. याचा कान धरून बाहेर काढाले." त्या पडद्याकडे पाहत होत्या. "तवा टीव्ही कोन पायते? कान पाह्यला मी फक्त."

मला त्या क्षणी या बाईंबद्दल फार माया वाटली. पोराला ज्या दारातून ओढत बाहेर काढलं, ते दार त्या आता कलमं जुळवून जुळवून पुन्हा उघडत होत्या.

सगळ्यात अवघड काम बटणांचं होतं. मूळ खेळात डाव्या हाताने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने उडी. लहान्याचा उजवा हात तर मांडीवर उपऱ्यासारखा पडलेला. म्हणून त्यांनी उडी डाव्या बोटाखालच्या वरच्या बटणावर आणली आणि खेळाचा वेग थोडा उतरवला. या फाइलींत ओळीच्या सुरुवातीला # अशी खूण केली की सॉफ्टवेअर ती ओळ वाचतच नाही, ती माणसांसाठी. वकीलबाईंनी अशा ओळींतून प्रत्येक कलमाची कारणं लिहिली होती, देवनागरीत, कोर्टाच्या भाषेत. "# कडेचा रंग हिरवट. साक्षीदाराने डाव्या अंगठ्याने दुजोरा दिला." आणि बटणाच्या वर, "# उडी डाव्या हातास देण्यात येत आहे. उजवा हात तूर्त गैरहजर." कलमं थोडी आणि कारणं भरपूर, अशी ती फाइल होती. मी हसलो तर म्हणाल्या, "हस. कारण लिहिल्याबिगर निकाल देते तो न्यायाधीश नोय, हवालदार होय."

लहान्या खेळायला लागला. जेवायला लागला. पहिला खड्डा ओलांडला त्या दिवशी वकीलबाईंनी अख्ख्या वाड्यात दह्यातले गिलावडे वाटले, म्हणजे मला, बँकेतल्या गायकाला आणि दूधवाल्याला.

मग आला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कॉम्प्युटर संथ झाला म्हणून त्याला बोलावलं होतं. वकीलबाई कोर्टात, लहान्या आत झोपलेला. त्या भल्या माणसाने धूळ झटकली, नको ते काढून टाकलं आणि जाता जाता तो खेळ उघडून पाहिला. पडदा हिरवा. आवाज फाटका. वेग मंद. बटणं सगळी एकाच बाजूला. त्याला वाटलं, किती हा बिघाड! त्याने अगदी मनापासून सगळं मूळपदावर आणून दिलं आणि संध्याकाळी फोन करून सांगितलंही, "काकू, गेमपन ओके करून देला. त्याचे पैसे नका देऊ."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर लहान्या रिमोट घेऊन बसला होता. डाव्या बोटाने त्याने नेहमीचं बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस सरळ चालत खड्ड्यात गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा खड्डा. त्याला वाटलं असावं, आता डावा हातही गेला. त्याने रिमोट भिंतीवर फेकला आणि तोंड वळवून बसला. वकीलबाईंनी पोळीचा घास पुढे केला तो त्याने झिडकारला. मी त्यांच्याकडे पाहिलं. समोरच्या वकिलाला रडवणाऱ्या या बाई फरशीवर पडलेला घास उचलत होत्या.

त्यांनी एका बैठकीत सगळी फाइल पुन्हा लिहिली, कारणांसकट, तोंडपाठ. आणि मग तिला कुलूप लावलं. म्हणजे फाइल अशी केली, की वाचता येईल पण कुणाला लिहिता येणार नाही.

"आता कोनी बी येवो," त्यांनी मला सांगितलं. "खेळता खेळता मेनूत जाऊन काय वाट्टेल ते बदलवो. खेळ बंद केला की सारं पुसलं. दुसऱ्या दिवशी माहीच फाइल उभी राहीन."

"पण कधी तुम्हालाच बदलायचं असेल तर?"

"काऊन बदलाचं? योग्य हाये ते." शिवाय त्यांना आणखी एक भीती होती. सॉफ्टवेअर स्वतःहून फाइल लिहितं तेव्हा # च्या सगळ्या ओळी गाळून टाकतं. त्यांची कारणं त्यात वाहून गेली असती.

त्या कुलपाचा त्यांना फार अभिमान होता. आल्यागेल्याला त्या ते दाखवत. रिद्धपूरचा एक पक्षकार जमिनीच्या खटल्यासाठी येई, त्यालाही दाखवलं. तो बिचारा हात जोडून "हो बाई, पक्कं हाये" म्हणाला.

लहान्याला व्यायाम शिकवायला रोज सकाळी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येई. तिचं म्हणणं होतं की खेळातही उजवा हात वापरू द्यावा. वकीलबाई ऐकत नसत. "हाताचा व्यायाम सकाळी तुह्यासमोर. दुपारी तो खेळते. खेळात त्याले मी हरू देनार नाई." मुलगी माझ्याकडे पाही, मी छताकडे. त्या घरात त्यांच्या निकालावर अपील नव्हतं.

हळूहळू लहान्या पुन्हा चिडचिडा झाला. दुपारचं जेवण झालं की खेळाला बसायची घाई, पण बसला की आधी कपाळाला आठी. वकीलबाईंना वाटलं, खेळाचा कंटाळा आला. त्यांनी दुसरे खेळ आणले, विमानांचा, मोटारींचा. त्याने ते डाव्या हाताने बाजूला सारले. तोच खेळ हवा, आणि त्याच खेळावर राग. मग त्यांनी पुन्हा एकदा साक्ष काढली. रंग चुकला का? नाही. वेग? नाही. आवाज? तो थांबला, अंगठा जरासा हलला, मग त्याने हात झटकून नाद सोडला.

एका दुपारी कोर्टात कुणा जुन्या वकिलाच्या निधनामुळे कामकाज लवकर संपलं. मी पहिल्या पाळीवरून परत येत होतो, त्या फाटकातच भेटल्या. बैठकीची खिडकी उघडी होती. आतून कूलरची घरघर आणि खेळाचा आवाज. वकीलबाई खिडकीपाशी थबकल्या आणि त्यांनी मला हाताने थांबवलं.

लहान्या खुर्चीत बसला होता. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि रिमोटवर आणून ठेवला, एखादी जड वस्तू ठेवावी तसा. मग डाव्या हाताने मेनू उघडला. एकेक ओळ खाली सरकत गेला. उडीच्या ओळीवर थांबला. डावं बटण काढलं, उजवं दिलं. मेनू बंद केला. छोटा माणूस धावायला लागला. खड्डा आला. लहान्याचा उजवा अंगठा थरथरला, पण दाबला गेला तेव्हा उशीर झाला होता. माणूस पडला. पुन्हा धावला, पुन्हा पडला. त्यानंतर एकदा अंगठा वेळेवर दाबला गेला, आणि माणूस खड्ड्याच्या पलीकडे उभा होता.

लहान्या हसला. एवढे दिवस मी त्या घरात होतो, त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

वकीलबाई आत गेल्या. मी दारातच उभा राहिलो. त्यांना पाहून त्याने घाईने हात मांडीवर ओढला, शाळा बुडवलेल्या पोरासारखा.

"हे कवापासून चालू हाये?"

त्याने शब्द शोधला. "रोज."

"रोज बटन बदलवतं? अन् दुसऱ्या दिवशी?"

त्याने डाव्या पंजाने हवेत फळा पुसल्यासारखं केलं.

"मंग पुन्हा पहिल्यापासून?"

"पुन्हा."

रोज ओळीनओळ शोधून तो उडी उजव्या हाताला देत होता, आणि रोज वकीलबाईंचं कुलूप ती परत डाव्या हाताला देत होतं. तो अकोल्याकडे निघायचा आणि ही फाइल त्याला रोज घरी आणून सोडायची.

"काऊन सांगतलं नाई मले?" त्यांचा आवाज चढला होता.

तो बराच वेळ बोलायचा प्रयत्न करत राहिला. शब्द एकेक करून आले. "कुलूप... लावलं. तू... खुश होती."

वकीलबाई तिथेच फरशीवर बसल्या. कोट घातलेला, फाइलींची पिशवी मांडीवर. मला वाटलं, रडतील. पण ही बाई हरलेला खटलाही मान वर करून ऐकणारी होती. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, कॉम्प्युटरपाशी गेल्या, फाइलीचं कुलूप काढलं आणि माउस त्याच्या डाव्या हाताखाली सरकवला.

"घे. तुही उडी, तूच लिही."

"थांबा," मी म्हणालो. "तो सेव्ह करेल तर तुमची सगळी कारणं पुसली जातील. एक प्रत काढून ठेवतो."

"नोको."

"अहो, इतकं लिहिलंय..."

"निकाल लागल्यावर युक्तिवाद कोन सांभाळून ठेवते बाप्पा?" त्या म्हणाल्या, आणि मला जाणवलं की आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना जोर लावावा लागत होता.

लहान्याने निवांतपणे एकेक कलम तपासलं. उडी उजव्या अंगठ्याला दिली. वेग पूर्ववत केला. हिरवट रंग राहू दिला. मग आवाजाच्या ओळीवर आला आणि फाटक्या स्पीकरचं कलम काढून टाकलं. खेळाचं संगीत एकदम स्वच्छ वाजायला लागलं.

"अरे!" वकीलबाई उसळल्या. "तूच तं अंगठा वर केला होता! स्पीकर फाटका होता म्हनून!"

"होता," लहान्या म्हणाला. मग कान झाकून तोंड वाकडं केलं. "कटकट."

मला हसू आवरेना. त्यांनी इतक्या साक्षी काढल्या, पण प्रत्येक प्रश्न काय होतं याचा. तुला काय हवं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. वकिली डोक्याची चूक, दुसरं काय. वकीलबाई माझ्यावर डोळे वटारून मग स्वतःही हसल्या. लहान्याने सेव्ह केलं. मी नंतर ती फाइल उघडून पाहिली. # ची एकही ओळ उरली नव्हती, साक्षीदार नाही, दुजोरा नाही, गैरहजर हातही नाही. नुसत्या कोरड्या ओळी.

पुढचं लवकर सांगतो. फिजिओथेरपिस्ट मुलीला तिचं म्हणणं आपल्याला पटल्याची बातमी वकीलबाईंनी स्वतः दिली, अर्थात "मी ठरवलं" अशा थाटात. दिवाळीनंतर लहान्या अकोल्याला आपल्या घरी गेला, कॉम्प्युटर सोबत घेऊन. तो आजही तिथे एकटा राहतो, डाव्या हाताने भाजी चिरतो, उजव्याने धरतो. वकीलबाई महिन्याकाठी जातात आणि त्याच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावून येतात. त्या गाडीत बसल्या की तो ते परत आपल्या पद्धतीने लावतो.

पण मला त्या बाईंची आठवण येते ती कुलूप काढल्याच्या दुसऱ्या सकाळची.

कोर्टात त्यांच्या मोठ्या खटल्याची तारीख होती. एव्हाना त्या निघायला हव्या होत्या, पण त्या बैठकीच्या दाराआड उभ्या होत्या. मी गाडी काढत होतो, त्यांना पाहून थांबलो. आत लहान्याने खेळ सुरू केला. मेनू उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती. काल त्याने लिहिलेलं आज तसंच होतं. छोटा माणूस धावायला लागला. खड्ड्यात पडल्याचा आवाज आला. वकीलबाईंचा हात दाराकडे गेला. पुन्हा धावला, पुन्हा पडला. त्यांनी कडी धरली. ओठ पुटपुटत होते, "आत्ता दाब, आत्ता दाब." पुन्हा पडला. त्यांना राहवलं नाही, त्यांनी दार ढकललं.

"थोडा वेग कमी करू का रे? फक्त आजच्यापुरता..."

"ताई." लहान्याने पडद्यावरून नजर काढली नाही.

"हो, बोल. काय पायजे?"

"जा."

"आं?"

"कोर्ट... हाये. जा, ताई." आणि मग, उजवा अंगठा बटणावर तसाच ठेवून, एका दमात, "मी करतो."

वकीलबाई बाहेर आल्या. चपला घातल्या. स्कूटरला किल्ली लावली आणि ती न फिरवताच माझ्याकडे पाहत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा खटला जिंकल्यासारखा फुलला होता.

"आयकलं का तू?" त्या म्हणाल्या. "मले हाकलून देल्लं त्यानं!"